सातव्या मात्रेचा गुन्हा काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातले तबल्याचे चाचा माझ्या खोलीवर आले. खोली म्हणजे माझा स्टुडिओच, पण दहा बाय बाराच्या जागेला स्टुडिओ म्हटलं की मिरजेत लोक हसतात. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, एक संगणक, दोन माइक, कोपऱ्यात चहाचा थर्मास. नात, अभंग, शाळेचं स्नेहसंमेलन, निवडणुकीची गाणी, लग्नाची गाणी असं सगळं इथंच होतं. आदल्या वर्षी चाचांनी याच खोलीत बसून वीस मिनिटं रूपक वाजवला होता. मी तो मुंबईच्या एका संगीत पुरवणाऱ्या मंडळींना पाठवला होता. चाचांना दोन हजार रुपये मिळाले, मला पाचशे. विषय संपला होता.

चाचांनी नातवाचा मोबाइल पुढं केला. कुठल्याशा जाहिरातीचं संगीत होतं. मागं तबला वाजत होता. ते म्हणाले, "बाबा, हात तो मेराच है. पन ताल मेरा नै. एक मात्रा जास्ती कां से आई?"

मी हेडफोन लावून ऐकलं. ती ती ना, धी ना, धी ना, आणि शेवटी आणखी एक ना. सातवी मात्रा उचलून पुन्हा चिकटवली होती. सातांचे आठ केले होते. रूपक मोडून एक असा ठेका बनवला होता ज्याला ना नाव, ना गाव. साठ वर्षांची तालीम असलेला माणूस आपल्याच हाताचा आवाज ऐकून परक्यासारखा बसला होता. मला त्यांना काहीच सांगता येईना. कारण फाइल मीच पाठवली होती, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या काळात अशी कापाकापी मीही केली आहे.

म्हणून हा लेख. ज्यांना संगीत बनवण्याच्या सॉफ्टवेअरशी काही घेणंदेणं नाही, त्यांनीही वाचावा. तुमच्या फोनमध्ये दिवसभर जे वाजतं ते आज अशाच खोल्यांमधून बाहेर पडतं, आणि तिथं काय कापलं जातं हे तुम्हाला कुणी सांगत नाही.

आधी हे कसं घडतं ते बघू. कोणतंही असं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडा. समोर रिकामी पाटी येत नाही. टेम्पो बहुतेक वेळा १२० आणि ताल चार-चार, हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं. उभ्या रेषा चारच्या हिशेबानं आखलेल्या असतात. यात कुणाचा कट नाही. युरोप-अमेरिकेतलं नाचायचं आणि रेडिओवरचं बहुतेक संगीत चारांत चालतं, आणि ही यंत्रं त्या बाजारासाठी तयार झाली. १९८० साली रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे तालयंत्र आलं. त्याच्यावर सोळा बटणांची रांग होती, म्हणजे चार चोक सोळा. आजच्या पडद्यावरच्या सोळा चौकोनांचे आजोबा ते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या यंत्रावरही सोळाच्या आधी थांबायची सोय होती. चौदाव्या घरावर थांबून पुन्हा पहिल्यावर यायला कुणी अडवलं नव्हतं.

आता चाचांच्या फाइलीकडं येऊ. ९० च्या टेम्पोत रूपकाचं एक आवर्तन किती सेकंदांचं होतं? सात गुणिले साठ, भागिले नव्वद. म्हणजे ४.६७ सेकंद. ही फाइल सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाकली की ते विचारत नाही, "यात मात्रा किती?" ते गृहीत धरतं. लूप म्हणजे चार, आठ किंवा सोळाचाच असणार, अशी त्याची समजूत करून दिलेली आहे. ते ४.६७ सेकंदांत आठ मात्रा बसवतं आणि टेम्पो १०२.८६ दाखवतं. हा आकडा दिसला की समजावं, कुणाची तरी सात मात्रांची गोष्ट आठांची म्हणून नोंदली गेली आहे. मग तुमचं गाणं ९० चं असेल तर यंत्र ती फाइल ताणून ५.३३ सेकंदांची करतं. सातही मात्रा शाबूत राहतात, पण प्रत्येक मात्रा सात-अष्टमांश जास्त नाही, आठ-सप्तमांश पट लांब होते. फक्त सम जुळते. मधली एकही मात्रा गाण्याच्या मात्रेवर पडत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, तबलजी बेताल आहे.

मग खोलीत बसलेला पोरगा काय करतो? ताणलेलं बरं वाटत नाही म्हणून ताणणं बंद करतो, आणि सातव्या मात्रेची नक्कल करून आठवी जागा भरतो. किंवा झपताल असेल तर उलटं. दहातल्या दोन मात्रा छाटून आठ करतो. झपतालात सहाव्या मात्रेवर काल येतो, ती ना. तिथून धी धी ना करत ठेका समेवर परततो. आठव्यावर कात्री चालली की परतीची वाटच कापली जाते. माणूस घरी पोचायच्या आधीच त्याला पुन्हा दारातून बाहेर ढकलल्यासारखं होतं.

यावर मला चार उत्तरं ठरलेली मिळतात. एकेक घेतो.

पहिलं उत्तर: "सॉफ्टवेअरमध्ये होत नाही."

हे सरळ खोटं आहे. टाइम सिग्नेचरच्या जागी सात-चार लिहायला दोन सेकंद लागतात. चाचांची एक मात्रा टेम्पोच्या एका ठोक्याइतकी असेल तर सात-चार. अर्ध्या ठोक्याइतकी असेल तर सात-आठ. एवढाच फरक. एबलटन लाइव्हमध्ये तर प्रत्येक क्लिपची लांबी वेगळी ठेवता येते. एक सातांचा, शेजारी एक चारांचा, दोघंही आपापल्या चालीनं फिरतात आणि अठ्ठावीस मात्रांनी समेवर भेटतात. साताची चार आवर्तनं, चाराची सात. कुणी कुणाला कापलं नाही, कुणी कुणाला ताणलं नाही. दहा आणि चार वीस मात्रांनी भेटतात. चौदाचा दीपचंदी आणि आठाचा केरवा छप्पन्न मात्रांनी भेटतात. हे लसावि आपण सहावीत शिकलो आहोत. यंत्राला हे सगळं येतं. येत नाही ते आपल्याला, आणि नाव मात्र यंत्राचं.

दुसरं उत्तर: "लोकांना कळत नाही."

कुठल्या लोकांना? ज्या हिंदी चित्रपटगीतांवर आणि गझलांवर आपल्या आया-आजी भांडी घासताना माना डोलावत आल्या, त्यांतली कितीतरी रूपकात आहेत. त्यांनी कधी मात्रा मोजल्या का? नाट्यसंगीत ऐकायला रात्र रात्र जागलेल्या प्रेक्षकाला झपताल झेपत नव्हता का? गंधर्व नाटक मंडळीत साथीला उस्ताद अहमदजान थिरकवा बसायचे. मुरादाबादकडचा माणूस, मराठी रंगभूमीवर. त्यांना कुणी सांगितलं नाही की खाँसाहेब, पुण्याच्या लोकांना चारच्या पुढं मोजता येत नाही.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर तेही घ्या. डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीची 'टाइम आउट' ही तबकडी १९५९ सालची. त्यातलं 'टेक फाइव्ह' पाचांत आहे आणि जॅझमधल्या सर्वांत लोकप्रिय रचनांत त्याची गणना होते. त्याच तबकडीत नवांची एक रचना आहे, दोन-दोन-दोन-तीन अशा खंडांची. ती चाल ब्रूबेकनं तुर्कस्तानच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकली होती. तुर्की भाषेत अशा विषम तालांना 'अक्साक' म्हणतात. अक्साक म्हणजे लंगडा. नाव लंगडा, पण त्याच तालांवर तिथं लग्नात लोक नाचतात. पाय मोडलेला कुणाचा दिसत नाही. लोकांना कळत नाही म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःबद्दल बोलत असतो.

तिसरं उत्तर: "गिऱ्हाइकाला वेळ नसतो."

हे उत्तर मला जास्त छळतं, कारण यात थोडं तथ्य आहे. रात्री अकराला फोन येतो आणि सकाळी आठला फाइल हवी असते. पण वेळ नेमका किती लागतो? मी घड्याळ लावून बघितलं आहे. फाइल आत घेण्याआधी मात्रा मोजायच्या, हाताच्या बोटांवर. यंत्राचं आपोआप ताणणं बंद करायचं. पहिल्या समेवर खूण, सातांनंतरच्या समेवर दुसरी खूण, आणि यंत्राला सांगायचं की या दोन खुणांमध्ये सात आहेत. मिनिटभराचं काम आहे. सातव्या मात्रेची नक्कल करून ती चिकटवायला आणि तिचा सांधा लपवायला याहून जास्त वेळ जातो. म्हणजे आपण वेळ वाचवत नाही, आपण सवय वाचवतो.

लूप कापायचीही एक रीत आहे, ती इथं सांगून ठेवतो. नवीन पोरं एकच आवर्तन वाजवून घेतात आणि तेच गोल फिरवतात. मग दर समेला एक खड्डा ऐकू येतो. कारण डग्ग्याची आस आवर्तनाच्या शेवटी कापली जाते आणि सुरुवातीला ती नसतेच. निदान तीन आवर्तनं वाजवून घ्या आणि मधलं कापा. आधीच्या आवर्तनाची आस त्याच्या तोंडाशी आपोआप आलेली असते. आणि कृपा करून सगळ्या मात्रा रेषेवर ओढून बसवू नका. चाचांची तिसरी मात्रा रेषेच्या केसभर मागं पडते. ती चूक नाही, ती त्यांची बसायची पद्धत आहे. रेषा त्यांच्या समेवर आणा. त्यांना रेषेवर आणू नका. प्रत्येक समेला टेम्पोची खूण करता येते, त्यासाठीच ती सोय दिलेली आहे.

आणखी एक पाप आहे, ते मात्रा पूर्ण ठेवणारेही करतात. रूपकाची गंमत अशी की त्याची समच काल आहे. पहिल्या मात्रेवर 'ती' येतो, डग्गा गप्प असतो. बाकीचे ताल समेला जोर देतात, हा ताल समेला श्वास घेतो. आणि आपण काय करतो? पहिल्या मात्रेवर किकचा दणका ठेवतो, कारण पहिला ठोका म्हणजे किक हे बोटांत बसलेलं आहे. सात मात्रा मोजून पूर्ण ठेवल्या आणि रूपक तरीही मेला. किक द्यायचीच तर चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर द्या, जिथं 'धी' आहे, जिथं डग्गा स्वतः बोलतो. पहिली जागा मोकळी सोडा. मोकळी जागा म्हणजे राहून गेलेलं काम नव्हे.

चौथं उत्तर आपल्याच बाजूनं येतं, उस्ताद मंडळींकडून: "लूप हाच मुळात ताल नाही. मशीनमध्ये टाकलात तिथंच तो संपला. मग सात काय आणि आठ काय!"

या म्हणण्यात वजन आहे, ते मी मान्य करतो. आवर्तन म्हणजे तीच तीच गोष्ट पुन्हा नव्हे. चांगला तबलजी सोळा वेळा ठेका धरतो तेव्हा सोळाही वेगळे असतात. लूप हा माणसाची जागा घेऊ शकत नाही, आणि जो घेतो म्हणतो त्यानं एकदा मैफलीत पहिल्या रांगेत बसावं. पण उस्तादजी, आदरानं विचारतो, मग आपण या खोल्यांचं दार लावून बसल्यानं काय झालं? आपण नाही आलात म्हणून लूप बनायचे थांबले का? ते बनलेच. फक्त मात्रा मोजणारा माणूस खोलीत नव्हता. ज्या घरांतून हा इल्म वाहत आला, दिल्ली, अजराडा, लखनौ, फर्रुखाबाद, बनारस, पंजाब, तिथं तो बंद पेटीत ठेवलेला नव्हता. लखनौच्या मोदू खाँनी बनारसच्या राम सहायांना तालीम दिली, त्यातून बनारस घराणं उभं राहिलं. पंजाबच्या अल्लारखाँनी मुंबईत बसून शिकवलं. त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन माहीमच्या गल्लीतून निघून जगभर फिरले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एकाच रात्री तीन ग्रॅमी घेऊन गेले. त्याच डिसेंबरात ते गेले. त्यांनी जगाला चारांत वाजवून खूश केलं नाही, आणि जगापासून तोंडही फिरवलं नाही. आपण निदान या खोलीपर्यंत यावं. खुर्ची नसेल तर गादी अंथरतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सातवी मात्रा कापली जाते ती काही तिचा कुणाला राग आहे म्हणून नाही. ती कापली जाते कारण तिचा मालक कोण हे कुणालाच माहीत नसतं.

सॅम्पल पॅक उघडून बघा. किकच्या फाइलीवर यंत्राचं नाव असतं, मॉडेल क्रमांकासकट. गिटारच्या फाइलीवर कधी कधी वादकाचं नाव असतं. आणि आपल्याकडच्या फाइलींवर? 'एथनिक', 'ओरिएंटल', 'ऑड'. चाचांच्या रूपकाला मी जेव्हा त्या मंडळींकडं शोधलं, तेव्हा तो याच तीन शब्दांच्या मागं एका क्रमांकाखाली पडला होता. ना 'रूपक' लिहिलं होतं, ना चाचांचं नाव, ना गावाचं. ज्या गोष्टीला नाव नाही ती कापायला कुणाचा हात थरथरेल? फाइलीवर 'रूपक, सात मात्रा, ९० टेम्पो, अमुक उस्ताद, मिरज' एवढं लिहिलेलं असतं, तर ज्या पोरानं ती आठवी मात्रा चिकटवली त्यानं निदान एकदा विचार केला असता. तो पोरगा वाईट नसणार. त्याला फक्त एवढंच सांगितलेलं होतं की ही एक 'ऑड' वस्तू आहे, सरळ करून घे.

आणि हे मी मिरजेतून लिहितोय हे विसरू नका. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या भोपळा कोरणाऱ्या कारागिरांच्या वस्तीचं नाव आता कायद्यानं त्या वाद्याला जोडलं गेलं आहे. दुसऱ्या कुणी दुसरीकडं बनवून त्याला मिरजेची सतार म्हणता येणार नाही. इथंच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि दर्ग्यातल्या उरुसाला त्यांच्या नावानं रात्र रात्र गाणं होतं. लाकडाला नाव मिळालं, गळ्याला नाव मिळालं. ज्या हातानं त्या गाण्याला ठेका धरला त्याची फाइल मात्र क्रमांकानं ओळखायची? आणि ती क्रमांकानं ओळखली जाते याला मुंबईची मंडळी एकटी जबाबदार नाहीत. फाइल पाठवताना तिचं नाव मी ठेवलं होतं: 'तबला_०३'. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.

त्या दिवशी चाचांना मी सगळं पडद्यावर दाखवलं. सात कसे असतात, आठ कसे केले, ताणलं की काय होतं. ते बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, "ये लकीरां सात की कर सकते?" मी सातांच्या रेषा करून दाखवल्या. चाचा हसले. म्हणाले, "फिर कायकू रोतंय? बिठा माइक."

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा ध्वनिमुद्रण केलं. रूपक, झपताल, दीपचंदी, आणि सातांचाच पश्तो, जो हल्ली फारसा कुणी मागत नाही. प्रत्येकाची आठ-आठ आवर्तनं, एकासारखं एक नाही. चाचांचा नातू शेजारी बसून नावं टंकत होता. आजोबांचं नाव प्रत्येक फाइलीवर त्यानं पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मी म्हटलं, नाव लांब होतंय. तो म्हणाला, "होऊ दे की."

आता जो कुणी हे लूप माझ्याकडून नेतो, त्याच्याकडून मी तीन गोष्टी लिहून घेतो. मात्रा कमी-जास्त करायच्या नाहीत. तालाचं आणि वादकाचं नाव जिथं श्रेयनामावली असेल तिथं द्यायचं. आणि एकदाच पैसे देऊन कायमचं घेऊन जायचं नाही. गाणं कमावेल तेव्हा वादकाचा वाटा वेगळा. आतापर्यंत दोघं या अटी वाचून निघून गेले. एकानं कुरकुर करत सही केली. त्याचं गाणं सातांत आहे आणि त्यातल्या समेवर किक नाही.

माझ्यासारख्या खोल्या गावोगाव आहेत. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, औरंगाबाद, मालेगाव, भिवंडी. प्रत्येक खोलीच्या आसपास असा एखादा चाचा, एखादा ढोलकीवाला, एखादा संबळवाला आहे. उद्या तो तुमच्यासमोर माइकवर बसेल तेव्हा आधी त्याला विचारा, मात्रा किती. मग रेषा आखा. हा क्रम उलटा झाला की पुढं सगळं उलटं होतं, आणि मग एक दिवस तो म्हातारा मोबाइल हातात घेऊन तुमच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, ही एक मात्रा कुठून आली.

त्या प्रश्नाला उत्तर नसतं. मी शोधून बघितलं आहे.